पहिला घोडा घेताना: पाय तपासा, पोट सांभाळा

मोहोळ तालुक्यातल्या वस्तीवर राहणाऱ्या एका शेतकऱ्याचा प्रश्न आहे. वय छत्तीस, वजन ८२ किलो, घरी चार एकर शेत आणि पाच दुभत्या गायी. स्वतःला आणि अकरा वर्षांच्या मुलीला रपेट मारायला घोडा हवा आहे. दोघांनीही आजवर घोडा सांभाळलेला नाही. अकलूजच्या बाजारात त्यांनी दोन वर्षांचा पांढराशुभ्र नुकरा घोडा पाहिला आणि तो मनात भरला. विकणाऱ्याने खुराक सांगितला तो हरभरा, गूळ आणि तूप. घरी नेपिअर, मुरघास, कडबा आणि गायींची पेंड आहेच, तेवढ्यावर भागेल का, असे त्यांनी विचारले आहे.

तो नुकरा घेऊ नका. घोडा वाईट असेल म्हणून सांगत नाही, मी तो पाहिलेलाही नाही. पण तुमच्या कामाला तो नाही, आणि तुमच्या दावणीला आज जे आहे त्यातले बरेचसे कुठल्याच घोड्याच्या पोटाला चालणारे नाही. सोलापूर जिल्ह्यात इतकी वर्षे जनावरांवर उपचार करताना वाया गेलेले घोडे मी पाहिले, त्यातले बहुतेक दोनच कारणांनी गेले: पोट बिघडले किंवा पाय गेले. आणि पाय जाण्याचे मूळही पुष्कळदा पोटातच असते.

आधी वय. दोन वर्षांचे म्हणजे ते अजून शिंगरूच आहे. पाठीची आणि पायांची हाडे पक्की व्हायची आहेत. तीन वर्षे पूर्ण होण्याआधी पाठीवर वजन देऊ नये आणि खरी मेहनत पाच वर्षांनंतरच घ्यावी. म्हणजे आज घेतलेत तरी निदान दोन वर्षे तुम्ही त्याला शिकवायचे, आणि तुम्हाला शिकवायला कोणी नाही. शिकलेल्या माणसाने कच्चा घोडा घ्यावा आणि शिकायचे असलेल्याने पक्का घोडा घ्यावा. तुमच्या घरासाठी सात ते बारा वर्षांचे, रोज खोगीर घालून फिरलेले जनावर योग्य. घोडा नीट सांभाळला तर पंचवीस वर्षे सहज जगतो, तेव्हा दहा वर्षांची घोडी म्हातारी समजू नका.

दुसरे म्हणजे तो नर आहे. अंडील, म्हणजे खच्ची न केलेला घोडा आसपास माजावरची घोडी आली की कोणाचे ऐकत नाही, आणि लगाम अकरा वर्षांच्या मुलीच्या हातात असेल तर तो धोका मी तरी पत्करणार नाही. खच्ची केलेला शांत घोडा मिळाला तर सगळ्यांत उत्तम, पण आपल्या बाजारात तसे कमी येतात. मग समजूतदार घोडी शोधा.

तिसरी गोष्ट रंगाची. नुकऱ्याची कातडी गुलाबी असते, तिच्यात रंगद्रव्य नसते. वरातीत तो शोभतो, म्हणून त्याला भावही चांगला. पण आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो. त्या उन्हात नुकऱ्याच्या नाकपुड्या आणि डोळ्यांच्या कडा भाजतात, वर्षानुवर्षे हे होत राहिले तर तिथे कर्करोगाच्या गाठीही होतात. दिवसभर सावलीत बांधायची आणि तोंडाला मलम लावायची तयारी नसेल तर कुमैत (तांबूस तपकिरी), काळा, बदामी, कुठलाही गडद कातडीचा घोडा घ्या. सब्जा, म्हणजे राखाडी घोडा चालेल, कारण त्याचे केस पांढरे झाले तरी खालची कातडी काळी असते. पण वय वाढले की त्याच्या शेपटीखाली काळ्या गाठी येतात का, ते मात्र बघत राहावे लागते.

अंगावरच्या भोवऱ्यांबद्दल आणि पांढऱ्या खुणांबद्दल बाजारात तुम्हाला पुष्कळ ऐकायला मिळेल. देवमण (गळ्यावरचा शुभ भोवरा) आहे, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरे) आहे, अमक्या जागी भोवरा म्हणजे खोड. केसांच्या वळणाने घोडा लंगडत नाही आणि पोटही दुखत नाही. मात्र उद्या विकायला काढला तर गिऱ्हाईक भोवरा बघून भाव पाडते, हा व्यवहार आहे. तुम्हाला विकायचा नसेल तर खोडीमुळे स्वस्त मिळणारी चांगली घोडी खुशाल घ्या. मी अशा घोड्या लोकांना आवर्जून घ्यायला लावल्या आहेत.

आता तुमचे वजन. खोगिरासह स्वाराचे वजन घोड्याच्या वजनाच्या एक पंचमांशाच्या आसपास असावे. तुम्ही ८२ आणि खोगीर आठ, म्हणजे नव्वद किलो. त्या हिशेबाने साडेचारशे किलोचा घोडा हवा, आणि आपल्याकडचे देशी घोडे साधारण तीनशे ते चारशेच्या दरम्यान असतात. ३८० किलोच्या मजबूत मारवाडी घोडीवर तुमचा भार जवळजवळ चोवीस टक्के होतो. आखूड पाठ, रुंद कंबर आणि पायांच्या नळ्या जाड असतील तर अर्धा तास चालीवर किंवा हलक्या दुडकीवर ती नेईल. तासभर चौखूर दौड तिच्याकडून मागू नका. वजनकाटा नसला तरी टेपने अंदाज काढता येतो: पुढच्या पायांमागे छातीचा घेर मोजा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. मापे सेंटिमीटरमध्ये, उत्तर किलोत. घेर १६५ आणि लांबी १५५ भरली तर घोडी साधारण ३५५ किलोची.

मुलीसाठी वेगळा विचार करता आला तर भीमथडी तट्टू बघा. भीमा आणि तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यातली ही आपलीच जात. धनगर मंडळी मेंढरांबरोबर फिरताना बिऱ्हाड हिच्याच पाठीवर लादतात. अलीकडे तिला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर मान्यताही मिळाली. उंची बेताची, खूर कठीण, आपले ऊन आणि आपला कडबा पचवायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. ऐटीत मारवाडी-काठियावाडीपुढे ती कमी दिसते म्हणून लोक वळून बघत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. पुण्या-मुंबईच्या रेसमधून निवृत्त झालेले थरोब्रेड कधी कधी स्वस्तात मिळतात. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. ती जात उतावळी, कातडी पातळ, खुराक मोठा, आणि सांभाळायला जाणता माणूस लागतो.

बाजार कुठलाही असो, दिवाळीतला अकलूजचा, दत्तजयंतीचा सारंगखेड्याचा किंवा नांदेडकडचा माळेगावचा, तिथे घोडा बघा, पण सौदा तिथे करू नका. बाजारातला घोडा थकलेला असतो, क्वचित औषधाने शांत केलेलाही असतो, आणि रुमालाखाली बोटे धरून भाव चालू झाला की नवख्या माणसाची विचार करायची सवड संपते. पसंत पडला तर मालकाच्या घरी जा, सकाळी, शक्यतो आगाऊ न कळवता. मोरकी घालताना कान मागे पाडतो का, खोगिराचा पट्टा आवळताना चावायला येतो का, चारही पाय उचलू देतो का, हे तिथेच कळते. आधी मालकाला किंवा त्याच्या माणसाला बसायला सांगा. तो बसायला तयार नसेल तर तुम्हीही बसू नका. दावण दातांत धरून हवा गिळणारा किंवा सतत डावी-उजवीकडे झुलणारा घोडा सोडून द्या, ही सवय लागली की सहसा सुटत नाही.

दात स्वतः बघायला शिका. बोट ओठांच्या कोपऱ्यातून, जिथे दात नसतात तिथून आत घाला, तोंड आपोआप उघडते. अडीच वर्षांच्या सुमारास मधले दोन दुधाचे दात पडून पक्के येतात, साडेतीनला त्यांच्या बाजूचे, साडेचारला कडेचे. पाचव्या वर्षी घोडा जुळतो, म्हणजे पक्के दात पुरे होतात. मग खालच्या दातांवरचे काळे खळगे झिजू लागतात: सहाव्या वर्षी मधले, सातव्या वर्षी बाजूचे, आठव्या वर्षी कडेचे. त्यापुढे वरच्या कडेच्या दाताची बाहेरची बाजू बघा. तिथे दहाव्या वर्षी हिरडीपाशी एक खाच उगवते, पंधराव्या वर्षी ती अर्ध्या दातापर्यंत आणि विसाव्या वर्षी पूर्ण दातभर उतरते. म्हातारा घोडा तरुण दाखवायला काही जण दातावर खळगा कोरून डागतात. पण खाच खोटी करणे अवघड, म्हणून दोन्ही खुणा ताडून पाहा.

पाय तपासायला घोडा वाळूत पळवून घेऊ नका, डांबरी किंवा कठीण जमिनीवर घ्या. दोरी सैल सोडून दुडकीवर सरळ लांब न्यायला सांगा आणि मागे आणायला सांगा. दुखरा पुढचा पाय टेकला की घोडा मान वर उचलतो, चांगला पाय टेकला की मान खाली येते. मालकाने दोरी तोंडाशी आवळून धरली तर हीच खूण लपते, म्हणून दोरी सैल सोडायला सांगाच. मग प्रत्येक खुरावर हात फिरवा. खुराच्या भिंतीवर आडव्या कडा असतात. त्या पुढे जवळजवळ आणि टाचेकडे फाकलेल्या असतील तर या घोड्याच्या खुराला पूर्वी सूज येऊन गेलेली आहे. असा घोडा फुकट मिळाला तरी नको.

सौदा ठरण्याआधी रक्त तपासून घ्या. ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग माणसालाही होतो आणि जीवघेणा ठरतो. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याच्या अनुसूचीत तो आहे, रोगी घोड्याला दयामरण द्यावे लागते. पशुवैद्यकाकडून नमुना घेऊन तपासणीला पाठवता येतो, आणि अशा नमुन्यांच्या खात्रीचे काम हिसारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र करते. त्याच रक्तात सर्राही बघून घ्या. सर्रा गोमाशांमुळे पसरतो; घोडा खातो-पितो, पण खंगत जातो, अधूनमधून ताप येतो, पोटाखाली आणि पायांना सूज उतरते. निकाल चांगला आला तरी घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे वेगळा बांधा आणि धनुर्वाताची लस टोचा. शेणखताच्या जागेत राहणाऱ्या घोड्याला खिळ्याच्या छोट्या जखमेतूनही धनुर्वात होतो, आणि झाला की वाचवणे फार कठीण जाते.

आता खाणे. इथे मी जास्त लिहिणार आहे, कारण गायी सांभाळलेला माणूस घोड्याला गायीसारखेच खाऊ घालतो.

गायीचे पोट चार कप्प्यांचे. ती भराभर गिळते आणि निवांत रवंथ करते. घोड्याला एकच लहान जठर, आठ ते पंधरा लिटरचे. त्यात आम्ल चोवीस तास झिरपते, खाणे असो वा नसो. पित्ताशय नाही. उलटी करता येत नाही. चाऱ्याचे खरे पचन शेवटी मोठ्या आतड्यात, जंतूंच्या मदतीने होते. म्हणून घोड्याला दिवसभर थोडा थोडा चारा चघळायला हवा. पाच-सहा तास पोट रिकामे राहिले तर जठराला व्रण पडतात. उलट एकदम जास्त धान्य दिले तर ते न पचता मोठ्या आतड्यात जाते, तिथे आंबते, जंतू मरतात, विष रक्तात उतरते आणि त्याचा घाव खुरांवर बसतो. वरातीच्या रात्री कौतुकाने बुंदी आणि भात चारलेला घोडा दोन दिवसांनी दाखवायला आणतात, तो पाहण्यासारखा नसतो: पुढचे पाय पुढे ताणलेले, सगळा भार मागच्या पायांवर, खुराला हात लावला तर चटका बसावा इतका गरम, खुरामागची नाडी टणटण उडतेय, आणि एक पाऊल टाकायला सांगितले तर अंग थरथरते. खुराच्या आतले हाड फिरले की तो घोडा पुन्हा पूर्वीसारखा होत नाही.

तुमच्या दावणीतले काय काय बाजूला ठेवायचे ते आता सांगतो. गायींची पेंड आणि पशुखाद्य अजिबात नको. काही पशुखाद्यांत आणि कोंबडीखाद्यांत मोनेन्सिनसारखी औषधे असतात. गायीला ती मानवतात, घोड्याचे हृदय मात्र त्यांच्या थोड्याशा मात्रेनेही बंद पडते. सरकी पेंडही नको. मुरघास नको, कारण त्यातल्या बोट्युलिझमच्या विषाला घोडा फार लवकर बळी पडतो, आणि खड्ड्याच्या कडेला थोडी बुरशी असतेच. नेपिअर एखाद्या दिवशी मूठभर चालेल, पण तोच रोजचा चारा झाला तर त्यातले ऑक्झलेट चुना, म्हणजे कॅल्शियम, बांधून ठेवते, हाडे ठिसूळ होतात आणि तोंडाची हाडे सुजतात. उसाच्या वाढ्यांचेही तेच. ज्वारीचे कोवळे किंवा पावसाने ताण दिलेले फुटवे विषारी असतात, हे तुम्हाला गायींमुळे माहीत असेलच. द्राक्षाच्या आणि डाळिंबाच्या बागेतून काढलेले गवत फवारणीमुळे नको. कुंपणाला कण्हेर असेल तर घोडा आणण्याआधी ती उपटून लांब टाका, तिची वाळलेली पानेही जीव घेतात. बुरशी लागलेल्या मक्याने घोड्याचा मेंदू खराब होतो, म्हणून मका द्यायचाच तर हातात घेऊन, वास घेऊन द्या. मी तर देऊच नका म्हणतो.

कडबा मात्र आपली दौलत आहे. मालदांडीचा हिरवट, पानाळ, पावसात न भिजलेला कडबा घ्या. जाड बुडखे काढून एक-दीड इंचाची कुट्टी करा. फार बारीक कुट्टी घोडा न चावता गिळतो आणि घशात अडकते. नुसत्या कडब्याने मात्र आतड्यात गोळा बसतो, विशेषतः हिवाळ्यात घोडी पाणी कमी पिते तेव्हा. त्याला वाळलेल्या मारवेलची किंवा माळावरच्या गवताची आणि लसूणघासाची जोड द्या. बांधावरची हरळी मिळाली तर सोने.

३५० किलोच्या, रोज तासभर हलके काम करणाऱ्या घोडीला कोरड्या वजनाचा सात किलोच्या आसपास चारा-चंदी लागते, म्हणजे अंगाच्या वजनाच्या दोन टक्के. मी असे बसवीन: तीन किलो कडबा कुट्टी, दोन-अडीच किलो वाळलेले गवत, सहा किलो हिरवा घास थोडा सुकवून, आणि एक किलो चंदी दोन वेळा विभागून. चंदीत भरडलेले सातू किंवा ओट सहाशे ग्रॅम, रात्रभर भिजवलेला हरभरा चारशे ग्रॅम. कोरडा हरभरा कधीच देऊ नका, तो पोटात फुगतो. गव्हाचा कोंडा लोक पाटीभर घालतात. त्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम फार कमी असते, म्हणून पाव किलोच्या वर नको. घासामुळे कॅल्शियमची भर पडते. चाऱ्याचा सर्वांत मोठा वाटा रात्री टाका, कारण रात्र लांब असते. चंदी एका वेळी दीड किलोच्या वर कधीही जाऊ देऊ नका, घोडी कितीही मागो. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी चंदी अर्धी.

गूळ-तुपाचे म्हणाल तर बक्षीस म्हणून सुपारीएवढा गुळाचा खडा द्या, मुलीच्या हातून द्या, दोघींची ओळख होईल. पण पावशेर गूळ आणि वाटीभर तुपाने अंगावर दिसते ती चरबी, ताकद नव्हे. बाजारात घोडा चकचकीत दिसावा म्हणून ते चारतात. तुमच्या हलक्या कामाला त्याची गरज नाही.

पाणी थंडीत पंचवीस लिटर आणि उन्हाळ्यात चाळीसच्या पुढे जाते. हौद रोज घासा, वास आलेले पाणी घोडा तोंडालाही लावत नाही. मीठ रोज तीस ग्रॅम चंदीत, उन्हाळ्यात घामाच्या दिवशी दुप्पट. गव्हाण जमिनीपासून थोडी उंच आणि तळ पक्का असलेली बांधा, कारण मातीतला चारा टिपताना वाळू पोटात जाते आणि साचते. पत्र्याच्या शेडवर उन्हाळ्यात पाचट टाका. मार्च ते जून रपेट सकाळी आठच्या आत आटपा.

विकणाऱ्याकडून चालू खुराकाचा आठवडाभराचा साठा मागून घ्या. आधी तोच द्या आणि दहा-पंधरा दिवसांत हळूहळू तुमच्या चाऱ्यावर आणा. खुराक बदलतानाच बहुतेकांच्या घरी पहिला पोटशूळ होतो. घोडी पाय आपटते, मान वळवून कुशीकडे बघते, वरचा ओठ उचलते, सारखी उठते-बसते, लीद थांबते. असे दिसताच समोरचा सगळा चारा काढा, घोडी लोळू लागली तर शांतपणे चालवा, आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. म्हशीला पाजतात तसे नळकांड्याने तेल किंवा काढा पाजू नका. तो फुप्फुसात उतरतो आणि पोटाने न मरणारी घोडी निमोनियाने मरते. निरोगी घोडीची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते, जबड्याखालच्या शिरेवर बोट ठेवून मोजायला मुलीला आत्तापासून शिकवा. साठच्या वर गेली तर प्रकरण गंभीर आहे, आणि फोनवर तुम्ही सर्वांत आधी हाच आकडा सांगायचा.

गायीचा डॉक्टर प्रत्येक गावात भेटतो, पण पोटशुळात घोड्याच्या नाकातून पोटात नळी घालणारा हात सगळ्यांकडे नसतो. नालबंदही आता कमी राहिलेत, आणि खूर दर सहा-आठ आठवड्यांनी कापावेच लागतात. मोहोळ-पंढरपूर-सोलापूर या पट्ट्यात हाकेवर येणारे हे दोघे कोण आहेत ते आधी शोधा, त्यांच्याशी बोलून ठेवा. ते सापडेपर्यंत कुठल्याही घोडीचा विसार देऊ नका.